प्रत्येक जर्सीचा एक फोटो : हायस्कूल बेसबॉलच्या प्रकल्प नोंदी

२४ मार्च २०२५, सोमवार

न्यू जर्सीच्या मध्य भागातील आमच्या गावच्या सार्वजनिक हायस्कूलचा बेसबॉल हंगाम आता सुरू होईल. मुलगी यंदा संघाची स्कोअरबुक सांभाळणार असल्यामुळे घरच्या मैदानावरील सामन्यांना मला जावे लागणारच आहे. मग नुसते बसून राहण्याऐवजी कॅमेरा सोबत न्यावा आणि त्या कामाला काही निश्चित उद्दिष्ट असावे, असे ठरवले. उद्दिष्ट एका वाक्यात मावते : हंगाम संपेपर्यंत संघातील २० मुलांपैकी प्रत्येकाचा, सामना चालू असताना टिपलेला आणि घरच्यांना भिंतीवर लावावासा वाटेल असा, किमान एक फोटो.

हे वाटते तितके सोपे नाही. शाळेच्या सामन्यांचे कोणतेही अल्बम उघडले तर निम्मे फोटो पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचे, असतात आणि उरलेल्यांपैकी बहुतेक तीनचार चांगल्या बॅटरांचे. त्यात फोटो काढणाऱ्याचा दोष फारसा नसतो, कारण प्रत्येक चेंडू पिचरच्या हातून सुटतो आणि बॅटर उभा असतो त्या होम प्लेटकडेच जातो. होम प्लेटवरून पाहता दूर उजवीकडे उभा राहणारा राइट फिल्डर मात्र सात इनिंगच्या संपूर्ण सामन्यात चेंडूला एकदाही हात न लावता घरी जाऊ शकतो, आणि बाकावरची मुले तर कुंपणाच्या जाळीमागे अंधारातच असतात.

साधने जुनीच आहेत : एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा, ७०-२०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्स, १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारे जोडभिंग) आणि मोनोपॉड (एका पायाचा आधार). टेलिकन्व्हर्टर लावला की लेन्स २८० मिलिमीटरपर्यंत पोहोचते, पण अ‍ॅपर्चर एफ/४ वर येते, म्हणजे आत येणारा प्रकाश कमी होतो; दुपारच्या उन्हात हा सौदा परवडतो. प्रशिक्षकांची आणि शाळेच्या क्रीडा विभागाची परवानगी घेतली. अटी रास्त आहेत : फ्लॅश वापरायचा नाही, फोटो विकायचे नाहीत, आणि ज्या पालकांची हरकत असेल त्यांच्या मुलाचा फोटो संघाच्या खासगी अल्बमबाहेर जाणार नाही.

३० मार्च २०२५, रविवार

सकाळी गुढी उभारून, श्रीखंड-पुरीचे जेवण आटोपून दुपारी रिकाम्या मैदानावर जाऊन आलो. उभे कुठे राहायचे हे प्रकाश ठरवतो, आणि प्रकाश मैदानाच्या दिशेवर अवलंबून असतो. बेसबॉलच्या नियमपुस्तकात शिफारस आहे की होम प्लेटपासून पिचरच्या पट्टीवरून दुसऱ्या बेसकडे (बेस म्हणजे धावणाऱ्याने क्रमाने गाठायचे चौकोनाचे कोपरे; प्लेटवरून पाहता पहिला उजवीकडे, तिसरा डावीकडे) जाणारी रेषा पूर्व-ईशान्येकडे असावी, म्हणजे दुपारनंतरचा सूर्य बॅटरच्या डोळ्यांत येत नाही. होकायंत्र धरून पाहिले. आमचे मैदान जवळपास तसेच आखलेले आहे. चार वाजता सुरू होणाऱ्या सामन्यात सूर्य होम प्लेटच्या मागे आणि किंचित डावीकडे सरकत जाणार, पिचरचा चेहरा उजळणार, आणि प्लेटच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरचा चेहरा मात्र कायम सावलीत राहणार. या शेवटच्या गोष्टीचा पुढे विचार करावा लागेल.

उजव्या हाताने खेळणारा बॅटर प्लेटच्या तिसऱ्या बेसकडील बाजूस उभा राहतो आणि त्याची छाती पहिल्या बेसकडे असते, म्हणून त्याचा चेहरा हवा असेल तर आपण पहिल्या बेसच्या बाजूला हवे. उजव्या हाताच्या पिचरचे याच्या उलट आहे. पाय उचलून शरीर वळवताना तो तिसऱ्या बेसकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्यासाठी तिसऱ्या बेसची बाजू. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजू बदलतात. मुलीने संघाची यादी दिली आहे. तिच्यात प्रत्येक क्रमांकापुढे तो मुलगा कोणत्या हाताने चेंडू टाकतो आणि कोणत्या बाजूने बॅट धरतो हे लिहिलेले आहे. त्यावरून कोणत्या इनिंगला कुंपणाच्या कोणत्या टोकाला थांबायचे याचा तक्ता केला.

कुंपण तारेच्या जाळीचे आहे आणि ते टाळता येणार नाही. लेन्सचे तोंड जाळीला जवळजवळ टेकवून, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरने आणि लांब फोकल लांबीने पाहिले तर तारा विरघळून जातात, फक्त चित्रातील उठाव किंचित कमी होतो. जाळी उन्हात असेल तर मात्र तारा चमकतात आणि पांढुरका पडदा येतो. तिथे हाताची सावली धरावी लागते.

३ एप्रिल २०२५, गुरुवार

पहिला सामना. थंडी इतकी होती की बोटे कापलेले हातमोजे घालूनही शटरचे बटण जाणवत नव्हते.

आज फक्त बॅट आणि चेंडू यांच्या भेटीचा क्षण टिपण्याचा सराव केला, आणि त्यामागचे गणित घरी येऊन मांडले, कारण ते एकदा नीट समजले की पुष्कळ व्यर्थ आशा गळून पडतात. या वयाचा चांगला पिचर ताशी ८० मैलांच्या आसपास चेंडू टाकतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ११७ फूट. पिचरची पट्टी होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर असते, त्यामुळे हातातून सुटलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात बॅटपाशी येतो. माझा कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो. दोन फोटोंच्या मधल्या काळात चेंडू साडेतीन मीटरहून अधिक पुढे गेलेला असतो. बॅट आणि चेंडूचा प्रत्यक्ष स्पर्श एका सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. तेव्हा बटण दाबून धरले की तो क्षण आपोआप सापडेल ही समजूत म्हणजे लॉटरीचे तिकीट आहे. पिचरचा हात, बॅटरचा पुढचा पाय आणि त्याचे खांदे यांचा ताल ओळखून एकदाच बटण दाबणे जास्त फलदायी ठरते. आवाजाची वाट पाहूनही उपयोग नाही. तीस मीटरवरून धातूच्या बॅटचा टणत्कार आपल्या कानी यायला सेकंदाचा सुमारे अकरावा भाग लागतो, आणि त्यानंतर बोट हलायला आणखी तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ जातो.

शटर गती १/१००० ठेवली तर तेवढ्या वेळात चेंडू साडेतीन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या जवळजवळ निम्मा. १/२००० वर तो पाव व्यास सरकतो आणि शिवण ओळखू येऊ लागते. यापुढे उन्हात १/२००० हाच नियम.

क्रिकेटचे फोटो काढण्याची सवय इथे एका बाबतीत उपयोगी पडते आणि एका बाबतीत आड येते. गोलंदाजाच्या हाताचा ताल वाचण्याची सवय कामी येते. पण क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावर फलंदाज धावेलच असे नसते आणि चेंडू कोणत्याही दिशेला जाऊ शकतो, म्हणून आपण चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवत राहतो. इथे चेंडू दोन फाऊल रेषांच्या (होम प्लेटपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरून जाणाऱ्या सीमारेषांच्या) आत पडला की बॅटरला पहिल्या बेसकडे धावावेच लागते, आणि ते ९० फुटांचे अंतर तो साडेचार सेकंदांच्या आसपास कापतो. चेंडू जमिनीवरून गेला असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवून सरळ पहिल्या बेसवर फोकस करावा. चेंडू तिथेच येणार असतो.

९ एप्रिल २०२५, बुधवार

सामना नव्हता, सराव होता. कॅमेऱ्याच्या आवाजाने बॅटरचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरता येईल का याची चाचणी घेतली. उत्तर नकारार्थी आले. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात बॅटचे टोक पुष्कळ पुढे गेलेले असते. परिणामी सरळ धातूची बॅट फोटोत केळीसारखी वाकलेली दिसते. यांत्रिक शटरच वापरणार. त्याचा खटखटाट कुंपणाच्या आत कोणाला ऐकूही येत नाही, असे प्रशिक्षकांनीच सांगितले.

१७ एप्रिल २०२५, गुरुवार

आजचा संपूर्ण सामना कॅचरसाठी ठेवला होता. संघात दोन कॅचर आहेत आणि दोघांचाही चेहरा दिसणारा एकही फोटो आतापर्यंत नव्हता. अडचण दुहेरी आहे. चेहऱ्यावर सळ्यांचा मास्क असतो, आणि मैदानाच्या दिशेमुळे कॅचर कायम सूर्याकडे पाठ करून बसतो. मास्कच्या आतील डोळ्यांपर्यंत प्रकाश पोहोचत नाही आणि स्वयंचलित फोकस सळ्यांवरच अडकतो. दोन इनिंगच्या मध्ये तो मास्क डोक्यावर सरकवतो तेव्हाचे फोटो सहज मिळतात, पण तो खेळ नव्हे.

एकच प्रसंग असा आहे की ज्यात दोन्ही अडचणी एकाच वेळी सुटतात. बॅटची कड लागून चेंडू उंच उडाला आणि मागच्या जाळीच्या दिशेने गेला की कॅचर झटक्यात उठतो, मास्क काढतो, चेंडू नेमका कुठे आहे हे दिसेपर्यंत तो हातात ठेवतो, आणि मग पायांत येऊ नये म्हणून दूर भिरकावतो. या वेळी त्याचे तोंड आमच्या मैदानावर नेमके सूर्याकडे असते आणि मान वर असते, त्यामुळे टोपीची किंवा मास्कची सावलीही पडत नाही. यासाठी आपण मात्र होम प्लेटच्या मागच्या जाळीपाशी उभे असायला हवे. बहुतेक वेळ तिथून अंपायरच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. असे चेंडू एका सामन्यात दोन-तीनच उडतात आणि त्यांतील काही थेट जाळीच्या पलीकडे जातात.

टेलिकन्व्हर्टर काढून ठेवला, लेन्स ७० मिलिमीटरवर आणली आणि पाचव्या इनिंगपर्यंत थांबलो. चेंडू उडाला, १४ क्रमांक माझ्याच दिशेने धावत आला, आणि तोंड उघडे, डोळे आकाशात, मास्क हवेत अर्धवट उलटा, असा फोटो मिळाला. झेल सुटला, पण फोटोला त्याने काही कमीपणा येत नाही. माझ्या मते या हंगामातील आतापर्यंतचा हा सर्वोत्तम फोटो आहे. दुसऱ्या कॅचरसाठी हेच सर्व पुन्हा करावे लागेल.

एक सुरक्षेची नोंद. कुंपणाबाहेर असलो तरी पहिल्या व तिसऱ्या बेसच्या बाजूला जाळी कमी उंचीची आहे. तिथे जोरात मारलेला फाऊल चेंडू एका सेकंदाच्या आत अंगावर येऊ शकतो. व्ह्यूफाइंडरला लावलेल्या डोळ्याव्यतिरिक्त दुसरा डोळा उघडाच ठेवायचा. जवळपासच्या लहान मुलांना पाठीमागे उभे राहू द्यायचे नाही.

२६ एप्रिल २०२५, शनिवार

पावसामुळे सामना पुढे ढकलला गेला. दिवस फोटो निवडण्यात आणि थोड्या वाचनात घालवला.

या छंदाचा आद्य पुरुष म्हणावा असा माणूस म्हणजे चार्ल्स कॉनलन. तो न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात मुद्रितशोधक होता आणि १९०४ पासून फावल्या वेळात बेसबॉल खेळाडूंचे फोटो काढू लागला. हे काम त्याने जवळजवळ चार दशके केले. त्या काळचा नामवंत खेळाडू टाय कॉब तिसऱ्या बेसवर घसरत येताना धूळ उडते आहे आणि बेसवरच्या खेळाडूचा तोल जातो आहे, हा १९१० च्या सुमाराचा त्याचा फोटो आजही या खेळातील सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक मानला जातो. त्या काळी फोटोग्राफर मैदानाच्या आतच उभे राहत आणि काचेच्या एका प्लेटवर एकच फोटो निघत असे. सेकंदाला १० फोटो हाताशी असलेल्या माणसाने हे लक्षात ठेवणे बरे. पण मला कॉनलनचे अधिक कौतुक वाटते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी : त्याने नामांकित खेळाडूंइतक्याच काळजीने अशा शेकडो खेळाडूंचे चेहरे टिपले ज्यांची कारकीर्द एका हंगामापलीकडे गेली नाही. आज त्यांतल्या कित्येकांची चेहऱ्यासह ओळख उरली आहे ती त्या काचांमुळे.

६ मे २०२५, मंगळवार

राइट फिल्डर. पहिल्या बेसच्या कुंपणापासून तो सुमारे ६० मीटरवर उभा असतो. तिथे २८० मिलिमीटरच्या चौकटीत साधारण पाच मीटर रुंदी मावते, म्हणजे कापून मोठा केला तर चालेल असा फोटो मिळतो. खरा प्रश्न चेंडू त्याच्याकडे येत नाही हा आहे. मात्र तो स्वतः सतत काम करत असतो, हे दोन सामने फक्त त्याच्याकडे पाहिल्यावर ध्यानात आले. आतल्या फळीतून पहिल्या बेसकडे फेक झाली की प्रत्येक वेळी तो पहिल्या बेसच्या मागे धावत येतो, फेक चुकली तर चेंडू अडवण्यासाठी. बहुतेक वेळा फेक चुकत नाही, कोणी त्याच्याकडे पाहत नाही, आणि तो परत आपल्या जागी जातो. ही धाव माझ्यापासून वीस-पंचवीस मीटरवर संपते!

आज आणखी एक गोष्ट मिळाली. मैदानाच्या या रचनेत मे महिन्यात संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला सूर्य राइट फिल्डरच्या अगदी समोर येतो. उंच चेंडू पाहताना तो हातमोजा डोळ्यांवर धरतो आणि मोज्याच्या जाळीतून उन्हाची नक्षी चेहऱ्यावर पडते. २१ क्रमांकाचे काम यावर झाले. त्याचा चेंडूशी काही संबंध आला नाही, कारण तो झेल सेंटर फिल्डरने घेतला.

पांढऱ्या पँटबद्दल एक तांत्रिक नोंद इथे करतो. घरच्या संघाचा गणवेश पांढरा आहे आणि टोपीखालचा चेहरा काळोखात. कॅमेऱ्यावर सोपवले तर तो पांढऱ्याला घाबरून चेहरा आणखी काळा करतो. म्हणून एक्स्पोजर स्वतः ठरवतो : पांढरा कपडा फटफटीत होणार नाही इतपत वर, आणि उरलेले रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये सावल्या उचलून. तपकिरी मातीवर उभ्या असलेल्या मुलांच्या हनुवटीखाली थोडा उजेड आपोआप येतो. गवतावरच्या मुलांना ती सोय नाही आणि वर हिरवट छटा येते.

९ मे २०२५, शुक्रवार

आता यादीत बहुतेक बाकावरची मुले उरली आहेत. मुलीला विचारले की ही मुले मैदानावर येतात तरी कधी. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त बॅटिंगकडे बघता, आमच्या वहीत त्यांची नावं रोज असतात." तिने वही उघडून दाखवले ते असे. हायस्कूलच्या नियमांत पिचर किंवा कॅचर बेसवर पोहोचला तर त्याच्या जागी धावायला त्या सामन्यात अजून न खेळलेला मुलगा पाठवता येतो, म्हणजे पिचरला श्वास घेता येतो आणि कॅचरला संरक्षक साहित्य चढवायला वेळ मिळतो. मूळ खेळाडू सामन्यातून बाहेर गेला असे धरले जात नाही. वरच्या पातळीच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये ही सोय नाही. शिवाय पहिल्या बेसजवळच्या चौकटीत प्रशिक्षक म्हणून अनेकदा विद्यार्थीच उभा असतो आणि नियमाप्रमाणे त्याच्या डोक्यावर हेल्मेट असते.

ही माहिती मिळाल्यावर काम एकदम बदलले. पिचर बेसवर पोहोचला की डगआउटकडे (संघाच्या बाकांच्या जागेकडे) पाहायचे. हेल्मेट घालत बाहेर येणारा मुलगा कोण ते बघून तो ज्या बेसवर जाईल त्याच्या पुढच्या बेसवर फोकस लावून थांबायचे. असा धावणारा बहुधा चपळ मुलगा असतो आणि त्याला बेस चोरायची, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठायची, मुभा असते. आज ८ क्रमांक दुसऱ्या बेसवर डोके पुढे करून झेपावला; पोटाखालून मातीचा फवारा, हात बेसच्या कडेला, शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाचा) मोजा त्याच्या खांद्यापासून वीतभर वर. संपूर्ण हंगामात तो त्याव्यतिरिक्त फारसा मैदानात आला नव्हता. ३३ क्रमांकाचा फोटो पहिल्या बेसच्या चौकटीतला आहे. धावणाऱ्याला पुढे जा म्हणून दोन्ही हात फिरवताना त्याचे हेल्मेट तिरके झाले आहे.

बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या तयारीच्या जागेत, राखीव पिचरांना चेंडू झेलून देणारा मुलगाही आहे. २०१७ पासून प्रत्येक राज्याच्या संघटनेला हायस्कूल पिचरांच्या चेंडूंवर मर्यादा आणि विश्रांतीचे दिवस ठरवून द्यावे लागतात, त्यामुळे एका सामन्यात पिचर बदलणे आता नेहमीचे झाले आहे, आणि या मुलाचे काम वाढले आहे. तो सामन्याचा भाग आहे की नाही यावर मी बराच विचार केला आणि आहे असे ठरवले.

१४ मे २०२५, बुधवार

परगावच्या मैदानावर दिव्यांखालचा सामना. दिवे जुन्या पद्धतीचे होते. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची असल्याने ते सेकंदाला १२० वेळा उजळतात आणि मंद होतात. १/१००० वर घेतलेल्या लागोपाठच्या फोटोंत एक पिवळा, एक तपकिरी, एक काळवंडलेला असा प्रकार होतो. कॅमेऱ्यातील फ्लिकर टाळण्याची सोय चालू केली. ती दिव्यांच्या सर्वांत उजळ क्षणाची वाट पाहून शटर उघडते, त्यामुळे वेग थोडा घटतो पण रंग सारखे राहतात. टेलिकन्व्हर्टर काढला, एफ/२.८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० ते १२८००. यात वीस मीटरवर खोलीची स्पष्टता जेमतेम एक मीटर उरते, म्हणजे बॅटर स्पष्ट असेल तर मागचा अंपायर नाही. फोटो कणीदार आहेत. यादीतील एकही नवे नाव निकाली निघाले नाही, आणि रात्रीचे सामने या प्रकल्पासाठी सोडून द्यावेत असे माझे मत झाले आहे.

२२ मे २०२५, गुरुवार

निवड आणि नोंदणी. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, इनिंग आणि जर्सीचा क्रमांक ठेवला आहे, मुलाचे नाव कुठेही नाही; नाव जोडण्याचा अधिकार पालकांचा. एका घरातून खासगी अल्बममध्येही फोटो नको असा निरोप आला, तो मान्य करून त्या क्रमांकाचे सर्व फोटो वेगळे काढले आणि त्यांच्या छापील प्रती थेट त्या घरी देण्याचे ठरले.

पाठमोऱ्या फोटोंचा प्रश्न इथे उभा राहिला. १७ क्रमांकाचा सर्वांत चांगला फोटो मागून घेतलेला आहे : डगआउटच्या पायरीवर एक पाय, पाठीवर मोठा आकडा, समोर धूसर मैदान. चेहरा नाही म्हणून तो बाद करावा का? १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बेसबॉलचा विख्यात खेळाडू बेब रूथचा निरोपाचा फोटो नॅट फाइनने मागूनच काढला होता, पाठीवरचा ३ हा आकडा दिसावा म्हणून, आणि त्याला १९४९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेव्हा पाठ हाही चेहराच मानता येतो. मात्र रूथला सारे जग ओळखत होते आणि १७ क्रमांकाच्या आजीला नातवाचा चेहरा हवा असणार. फोटो ठेवला, पण त्याचे काम पूर्ण झाले असे धरले नाही.

३० मे २०२५, शुक्रवार

राज्य स्पर्धेतून संघ बाहेर पडला आणि हंगाम संपला. शेवटच्या सामन्यात दुसऱ्या कॅचरच्या उंच उडालेल्या चेंडूची वाट पाहत मागच्या जाळीपाशी थांबलो होतो. तसा चेंडू आला नाही, पण सहाव्या इनिंगमध्ये होम प्लेटवर धावणाऱ्याशी झालेल्या धडपडीत त्याचा मास्क निघाला आणि तो जमिनीवर बसून, हातमोजा वर धरून, अंपायरला चेंडू दाखवत असतानाचा फोटो मिळाला. चेहरा सावलीत आहे. मातीवरून परतलेल्या उजेडाने तो वाचतो.

१७ क्रमांकाला सामन्यात खेळायला मिळाले नाही. त्याचा, समोरच्या बाजूने, दोन इनिंगच्या मध्ये आउटफिल्डरबरोबर चेंडू फेकतानाचा एक स्वच्छ फोटो आहे. ठरवलेल्या व्याख्येत तो बसत नाही, म्हणून पाठमोरा आणि हा असे दोन्ही त्याच्या पाकिटात घातले. प्रत्येकासाठी ८ बाय १० इंचाची एक छापील प्रत आणि मूळ आकाराची फाइल असे संच प्रशिक्षकांकडे दिले. जून-जुलैत यांतील काही मुले उन्हाळी लीगमध्ये खेळतील. १७ क्रमांक त्यांत असल्याचे मुलीने सांगितले आहे. तिथले मैदान कोणत्या दिशेला आखले आहे ते रविवारी जाऊन पाहायचे आहे.